पाव भाजणारा सेनापति : झां काव्हालिए

फ्रान्स देशाच्या दक्षिण भागांत सेव्हेन नांवाचा डोंगराळ प्रदेश आहे. जमीन खडकाळ, धान्य थोडें. तेथील लोक पूर्वीं मेंढरें पाळीत, रेशमाचे किडे वाढवीत आणि चेस्टनट नांवाच्या झाडाचीं फळें वाळवून तीं वर्षभर खात. कोणास हेवा वाटावा असें तेथें कांहींच नव्हतें. तरी अठराव्या शतकाच्या आरंभीं याच डोंगरांतील शेतकऱ्यांनीं व मेंढपाळांनीं युरोपांतील सर्वांत बलाढ्य राजाच्या फौजा दोन वर्षें अडवून धरिल्या. आणि त्यांच्या पुढाऱ्यांत जो सर्वांत नांवाजला तो नुकतीच विशी गांठलेला, पाव भाजण्याचा धंदा शिकलेला एक तरुण होता. त्याचें नांव झां काव्हालिए. आमच्या मंडळ्यांतून त्याचें चरित्र फारसें सांगितलें जात नाहीं, आणि त्यास कारणही आहे. ल्यूथर किंवा टिंडेल यांचीं चरित्रें सांगतांना उपदेशकास कोठें अडखळावें लागत नाहीं. काव्हालिएचें तसें नाहीं. त्याच्या आयुष्यांत स्तुतीस योग्य असें पुष्कळ आहे, आणि ज्यापाशीं थांबून मान खालीं घालावी असेंही पुष्कळ आहे. दोन्ही सांगितलीं तरच तें चरित्र खरें.

या गोष्टीचें मूळ समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. 1598 सालीं चवथा हेन्री या राजानें नांत शहरीं एक हुकूम काढून फ्रान्समधील प्रॉटेस्टंट लोकांस, ज्यांस ह्यूगनो म्हणत, आपल्या मताप्रमाणें उपासना करण्याची मोकळीक दिली होती. सत्याऐंशी वर्षांनीं, 1685 च्या आक्टोबर महिन्यांत, त्याचा नातू चवदावा लुई यानें तो हुकूम रद्द केला. उपासनामंदिरें पाडण्यांत आलीं. पाळकांस पंधरा दिवसांच्या आंत देश सोडण्यास फर्माविलें; पण साध्या विश्वासणाऱ्यांस मात्र देश सोडण्याची मनाई केली. पळून जातांना जे पुरुष सांपडत त्यांस राजाच्या गलबतांवर साखळीनें बांधून वल्हीं मारावयास लावीत, आणि स्त्रियांस तुरुंगांत टाकीत. जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा बाप्तिस्मा क्याथलिक धर्मगुरूच्या हातून झाला पाहिजे असें ठरलें. जे वांकत नसत त्यांच्या घरीं ड्रॅगून नांवाचे शिपाई राहावयास पाठवीत. हे शिपाई घरांतलें धान्य खात, सामान मोडीत, माणसांस रात्रभर झोपूं देत नसत, आणि घरधनी मिस्सेस जाण्याचें कबूल करी तोंपर्यंत हलत नसत. गांवेंच्या गांवें अशा रीतीनें चार दिवसांत क्याथलिक झालीं, आणि राजाच्या कागदोपत्रीं फ्रान्समध्यें प्रॉटेस्टंट म्हणून कोणी उरलाच नाहीं. ज्यांनीं पाणवठा बंद झालेला पाहिला आहे आणि वाळींत पडून दिवस काढले आहेत, अशा आमच्या वाचकांस या दडपणाचा अर्थ फोड करून सांगावयास नको. मात्र या गोष्टीवरून आजच्या क्याथलिक शेजाऱ्याकडे कोणीं वांकड्या नजरेनें पाहूं नये. हा जुलूम राजसत्तेचा होता, आणि राजसत्ता हातीं आल्यावर आमच्याच मताच्या लोकांनींही दुसऱ्या देशांत असाच जुलूम केलेला आहे.

आंद्यूझ गांवाजवळ रिबोत म्हणून एक खेडें आहे, त्याची मास रू नांवाची वाडी. तेथें 1681 च्या नोव्हेंबर महिन्यांत काव्हालिए जन्मला. म्हणजे तो हुकूम रद्द झाला तेव्हां तो पुरता चार वर्षांचाही नव्हता. बाप गरीब शेतकरी, अक्षरशत्रु. दडपणाखालीं त्यानें कुटुंबासह क्याथलिक पंथ पतकरिला होता. आई निराळ्या मातीची होती. मुलगा दिवसा जें क्याथलिक शिक्षण घेऊन येई तें ती रात्रीं चुलीपाशीं बसून एकेक करून खोडून काढी, आणि त्याच्या जागीं पवित्र शास्त्रांतील वचनें व दाविदाचीं स्तोत्रें त्यास पाठ करावयास लावी. मोठ्यानें गाण्याची सोय नव्हती. शेजारच्या भिंतीला कान असत. तिनें कधीं व्यासपीठ पाहिलें नाहीं, पण पुढें हजारों लोकांस या मुलानें जो उपदेश केला त्यांतला बहुतेक त्या चुलीपाशींच शिकलेला होता. लहानपणीं त्यानें मेंढरें राखिलीं. नंतर आंद्यूझ येथें एका पाव भाजणाऱ्याकडे उमेदवारी केली.

दिवसा पीठ मळावें आणि रात्रीं गुपचूप डोंगरांतल्या सभेस जावें, असें कांहीं काळ चाललें. या सभांस तेथील लोक अरण्यांतील सभा म्हणत, इस्राएल लोक अरण्यांत राहिले त्याची आठवण ठेवून. पण पाळक सर्व परागंदा झाले होते, आणि जे लपून परत येत त्यांस पकडून ठार मारीत. क्लोद ब्रूसों नांवाचा वकील पुढें पाळक होऊन कित्येक वर्षें या डोंगरांत फिरला. त्यास 1698 च्या नोव्हेंबरांत मोंपेल्ये येथें देहांताची शिक्षा झाली. पाळकाविना राहिलेल्या मंडळींत मग एक विलक्षण प्रकार सुरू झाला. अशिक्षित मेंढपाळ, पोरी, लहान मुलेंसुद्धां अंग थरथरून भविष्य सांगूं लागलीं आणि देवाचा संदेश म्हणून वाटेल तें बोलूं लागलीं. त्यांत खरी तळमळ होती हें मी नाकारीत नाहीं; परंतु शास्त्र हातांत घेऊन शिकविणारा कोणी नसला म्हणजे भुकेलें मन काय मिळेल तें खातें. पुढें लढाई केव्हां करावी, कैद्यास जिवंत सोडावें कीं नाहीं, हेंही याच संदेष्ट्यांच्या तोंडून ठरूं लागलें, आणि त्याचें फळ फार कडू निघालें.

काव्हालिएच्या मतांविषयीं अंमलदारांस संशय आला आणि त्याच्यावर पकडण्याची वेळ आली. 1701 सालीं तो डोंगर ओलांडून जिनीव्हास पळाला. तेथें कॅल्व्हिनच्या शहरांत उघड्या दारानें उपासना होत असे, घंटा वाजे, स्तोत्रें मोठ्यानें गात. वीस वर्षांच्या या मुलानें जन्मांत प्रथमच असें पाहिलें. पोटासाठीं त्यानें पुनः पाव भाजण्याचें काम धरिलें. तो तेथेंच राहता तर सुखानें घरदार करून म्हातारा झाला असता, आणि त्यास कोणीं दोष दिला नसता. दुसरे हजारों ह्यूगनो याच रीतीनें जिनीव्हांत, हॉलंडांत, इंग्लंडांत स्थायिक झाले होते.

पण घरून बातमी आली कीं, मुलगा पळाल्यामुळें आईबापांस कैदेंत टाकलें आहे. तेव्हां त्यानें परत जाण्याचें ठरविलें. 1702 सालीं तो लपतछपत सेव्हेनला आला तेव्हां आईबाप सुटलेलीं होतीं. मिस्सेस जाण्याच्या अटीवर त्यांस सोडलें होतें. ज्यांना सोडवावयास तो आला त्यांना सुटकेची किंमत द्यावी लागली होती, आणि ती किंमत विश्वासाची होती. ज्या आईनें त्यास शिकविलें ती आतां त्या अटीखालीं घरीं होती. घरीं राहणें म्हणजे त्यांच्यावर पुनः संकट आणणें, हें ओळखून तो डोंगरांत शिरला.

त्याच जुलै महिन्यांत डोंगरांत ठिणगी पडली. पों-द-मोंव्हेर गांवीं शायला नांवाचा धर्मगुरु होता. प्रॉटेस्टंटांस वठणीवर आणण्याचें काम त्याच्याकडे होतें, आणि राहत्या घरांतच त्यानें कैदखाना केला होता. जिनीव्हाकडे पळतांना सांपडलेले कांहीं तरुण तेथें अडकून पडले होते. 24 जुलै 1702 च्या रात्रीं पन्नासएक माणसें स्तोत्रें गात त्या घरापाशीं आलीं, त्यांनीं कैदी सोडविले, घर पेटविलें आणि शायलास ठार केलें. त्यांच्या पुढाऱ्यांपैकीं एकास सरकारनें थोड्याच दिवसांत जिवंत जाळलें. मग रक्तास रक्त लागत गेलें. या बंडखोरांस लोक कामिसार म्हणूं लागले. तिकडच्या बोलींत सदऱ्यास जो शब्द आहे त्यावरून तें नांव पडलें असें बहुतेक सांगतात, कारण त्यांस गणवेश नव्हता, अंगांत शेतकऱ्याचा साधा सदरा असे.

कांहीं महिन्यांतच काव्हालिए त्यांच्या एका टोळीचा नायक झाला. दुसरी मोठी टोळी रोलांची. रोलांचें खरें नांव प्येर लापोर्त, तो मेंढ्या खच्ची करण्याचा धंदा करणारा. काव्हालिए ठेंगणा, गोऱ्या वर्णाचा, चेहऱ्यावरून पोरसवदा. त्यानें सैन्याची शाळा पाहिली नव्हती. पण डोंगरांतली प्रत्येक पायवाट मेंढरांमागें फिरून त्यास पाठ होती, आणि गनिमी काव्याची उपजत बुद्धि होती. शस्त्रें नव्हतीं, तेव्हां ज्या धर्मगुरूच्या घरीं लोकांपासून काढून घेतलेलीं शस्त्रें ठेविलीं होतीं तें घर त्याच्या सोबत्यांनीं गांठलें. तो धर्मगुरु कोणास छळीत नसे, म्हणून त्याच्या केसासही धक्का न लावितां शस्त्रें तेवढीं घेऊन ते गेले. त्या वर्षीं नाताळच्या दिवशीं आले शहराच्या वेशीजवळ त्यानें उपासना चालविली, आणि ती मोडावयास आलेल्या शिबंदीस पळवून लाविलें. टोळींत शिस्त कडक असे. शिव्या, दारू, लूट यांस मनाई. सकाळसंध्याकाळ प्रार्थना होई, रविवारीं उपदेश होई, आणि पुष्कळदां उपदेशक स्वतः काव्हालिएच असे. लढाईस जातांना ते अडुसष्टावें स्तोत्र गात. डोंगरांतून तें गाणें ऐकूं आलें म्हणजे राजाचे शिपाई कचरत असें सांगतात.

येथपर्यंत वाचून आमच्या तरुण वाचकांचें रक्त उसळलें असेल. आतां दुसरी बाजू. सेर्व्हास नांवाचा एक गढीवजा वाडा होता, तेथें प्रॉटेस्टंटांस त्रास देणारी शिपायांची तुकडी असे. काव्हालिएनें मेलेल्या शिपायांचे कपडे आपल्या माणसांस चढविले, आपण अंमलदाराचा वेष घेतला, आपलेच कांहीं लोक कैदी म्हणून बांधून बरोबर घेतले, आणि गढीच्या नायकाचा पाहुणा होऊन आंत शिरला. नायकानें त्यास जेवूं घातलें. जेवण चाललें असतां त्याचीं माणसें आंत आलीं आणि त्यांनीं आंतल्या लोकांस कापून काढिलें. ज्याच्या घरचें मीठ खाल्लें त्याच्याच रक्तानें ताट भरलें. युक्ति म्हणून लोक ती गोष्ट अजून कौतुकानें सांगतात. मला तें कौतुक करवत नाहीं. कामिसारांच्या दुसऱ्या एका टोळीनें 1703 च्या फेब्रुवारींत फ्रेसिने-द-फूर्क हें क्याथलिक खेडें लुटलें आणि तेथील बायकापोरें मारिलीं. देवळें जाळलीं, धर्मगुरु मारिले. शलमोनाच्या बापास मंदिर बांधूं दिलें नाहीं त्याचें कारण शास्त्रांत दिलेलें आहे. तें या लोकांनीं वाचलेलें असणार.

राजाकडून झालें तें याहूनही भयंकर होतें. 1703 च्या एप्रिलांत, झावळ्यांच्या रविवारीं, नीम शहराबाहेरच्या एका गिरणींत कांहीं लोक उपासनेस जमले होते. बहुतेक म्हातारे, बायका आणि मुलें. मार्शल मोंरव्हेल हा तेव्हां सेनापति होता. त्यास बातमी लागतांच तो जेवणावरून उठला, गिरणीस शिपायांचा वेढा दिला आणि ती आंतल्या माणसांसह जाळली. त्याच वर्षाच्या शेवटीं डोंगरांतील साडेचारशेंहून अधिक वाड्या-खेडीं हुकूमानें उध्वस्त करण्यांत आलीं, हेतु हा कीं, कामिसारांस कोठें भाकर मिळूं नये. हिंवाळ्याच्या तोंडावर हजारों कुटुंबें उघड्यावर पडलीं. त्यांतील पुष्कळ तरुण, दुसरी जागाच नाहीं म्हणून, काव्हालिएकडे गेले. आपल्या टोळींसाठीं त्यानें गुहांत धान्याचीं कोठारें आणि जखमींसाठीं दवाखाने केले होते.

लढायांची यादी मी देत नाहीं. कधीं तो जिंके, कधीं हरे, आणि हरला तरी आठवड्यानें दुसऱ्याच डोंगरावर प्रकट होई. 1704 च्या मार्च महिन्यांत मार्तिन्यार्ग येथें त्यानें राजाच्या आरमारी शिपायांची एक अख्खी पलटण बुडविली. एप्रिलांत मात्र नाज येथें मोंरव्हेलच्या मोठ्या सैन्यानें त्यास घेरलें. सुमारें हजार माणसांनिशीं तो कितीएक पट सैन्याच्या वेढ्यांतून फोडून बाहेर पडला, पण शेंकडों माणसें गमावून. त्याच सुमारास एऊझे जवळच्या रानांतील त्याच्या गुहा शत्रूस सांपडल्या. धान्य, औषधें, दारूगोळा सर्व गेलें, आणि गुहांतील जखमी मारले गेले. आतां तो तेवीस वर्षांचाही नव्हता, आणि त्याच्यामागें उपाशी, फाटकी, दमलेली माणसें होतीं.

अशा वेळीं राजानें मोंरव्हेलास काढून मार्शल व्हिलार यास पाठविलें. हा शहाणा होता. तलवारीबरोबर त्यानें बोलणेंही लाविलें. मे महिन्यांत राजाचा एक सेनाधिकारी आणि काव्हालिए एका पुलाजवळ भेटले. अधिकाऱ्यानें काव्हालिएच्या माणसांस सोन्याच्या नाण्यांची थैली देऊं केली. त्यांच्या अंगावर धड कपडे नव्हते, तरी त्यांनीं ती घेतली नाहीं. आपणांस पैसा नको, उपासनेची मोकळीक पाहिजे, एवढेंच त्यांनीं कळविलें. या सबंध युद्धांत मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट ही.

नंतर नीम येथें एका मठाच्या बागेंत काव्हालिए व व्हिलार समोरासमोर बसले. शहर लोटलें होतें. ज्याच्या नांवानें दोन वर्षें झोंप उडाली होती तो इतका कोवळा पोर कसा, हें लोकांस खरें वाटेना. त्याच्या मागण्या अशा: विवेकाची मोकळीक आणि गांवाबाहेर सभा भरविण्याची परवानगी, गलबतांवरील व तुरुंगांतील बंधूंची सुटका, आणि देशोधडीस लागलेल्यांस परत येण्याची मुभा. त्यांतील पहिली मागणी राजा मान्य करीना. जें मिळालें तें असें: काव्हालिएस कर्नलाची सनद, वर्षाला 1200 लिव्ह्र पेन्शन, आणि आपल्याच कामिसारांची एक पलटण उभारून राजासाठीं परदेशीं लढण्याची परवानगी. उपासनेविषयीं लेखीं एक अक्षरही नाहीं. तोंडी कांहीं आशा दाखविली, आणि त्या आशेवर त्यानें शरणागति पतकरिली.

त्यानें असें कां केलें? स्वार्थासाठीं, असें त्याचे सोबती म्हणाले. मला तें सर्वस्वीं खरें वाटत नाहीं. गुहा गेल्या होत्या, भाकर नव्हती, आणि परदेशाहून मदतीचीं आश्वासनें येत, मदत येत नसे. पण एवढें खरें कीं, जी सनद आपल्या एकट्याच्या नांवाची आहे ती घेण्यापूर्वीं त्यानें मंडळीस विचारलें नाहीं. दोन आठवडे त्याची टोळी काल्व्हिसों गांवीं राजाच्या परवानगीनें राहिली. तेवढे दिवस तेथें उघड्यावर स्तोत्रें गाइलीं गेलीं, आसपासच्या खेड्यांतून हजारों लोक उपदेश ऐकावयास लोटले, आणि ज्या म्हाताऱ्यांनीं वीस वर्षांत मोकळ्या आवाजांत गाइलें नव्हतें ते रडत गाऊं लागले. मग कराराचा मजकूर बाहेर आला. राव्हानेल नांवाचा त्याचा उजवा हात समजला जाणारा गडी सर्वांदेखत उठला आणि त्यानें त्यास विश्वासघातकी ठरविलें. टोळी शस्त्रें घेऊन डोंगराकडे निघाली. काव्हालिए त्यांच्या मागून विनवीत, समजावीत गेला; कांहींनीं त्याच्यावर बंदुका रोखल्या. शेंकडोंपैकीं सुमारें 100 लोक तेवढे त्याच्याबरोबर राहिले. रोलांनें करार झुगारला. ऑगस्टांत एका फितुरामुळें तो वेढ्यांत सांपडला आणि गोळी लागून मेला. राव्हानेलास पुढच्या वर्षीं नीम येथें जाळलें.

जून 1704 मध्यें काव्हालिएनें सेव्हेन सोडलें. त्यास व्हर्सायला नेऊन युद्धमंत्र्यापुढें उभें करण्यांत आलें. तेथें त्यास कळून चुकलें कीं, दिलेल्या आशा पाळल्या जाणार नाहींत, आणि पूर्वेकडील ज्या किल्ल्यांत आपली नेमणूक झाली आहे तेथें बहुधा आपण कैदीच होणार. वाटेंत सरहद्द जवळ येतांच तो आपल्या माणसांसह रात्रीं निसटला आणि स्वित्झर्लंडांत आला. तीन वर्षांपूर्वीं पाववाल्याचा पोऱ्या म्हणून ज्या देशांत आश्रय घेतला होता, तेथेंच आतां कर्नल म्हणून दुसऱ्यांदां परागंदा होऊन तो आला. या वेळीं त्यास दोन्ही बाजूंस घर उरलें नाहीं. राजाच्या लेखीं तो बंडखोर आणि आपल्यांच्या लेखीं विकला गेलेला.

पुढें तो फ्रान्सच्या शत्रूंच्या चाकरींत शिरला; प्रथम सॅव्हॉयच्या ड्यूककडे, नंतर इंग्लंड व हॉलंड यांच्याकडे. त्या काळीं स्पेनच्या गादीवरून सर्व युरोप लढत होतें. त्यानें परागंदा ह्यूगनो तरुणांची एक पलटण उभारली आणि ती स्पेनमध्यें नेली. तेथें 25 एप्रिल 1707 रोजीं आल्मान्सा गांवाजवळच्या मैदानांत मोठी लढाई झाली. त्या दिवसाचा देखावा मनांत आणावा. इंग्लंडच्या बाजूचा सेनापति लॉर्ड गॉलवे, हा मूळचा फ्रेंच ह्यूगनो सरदार, धर्मासाठीं देश सोडलेला. फ्रान्सच्या बाजूचा सेनापति ड्यूक ऑफ बेरिक, हा इंग्लंडच्या पदच्युत राजाचा मुलगा, तोही देशाला मुकलेला. प्रत्येकजण आपल्या देशाच्या सैन्याविरुद्ध उभा. आणि रणांगणाच्या एका भागांत काव्हालिएच्या कामिसारांपुढें एक फ्रेंच पलटण आली. त्यांनीं एकमेकांस ओळखिलें. मग दोन्हीकडून एकही गोळी न झाडतां ते संगिनी रोंखून एकमेकांवर तुटून पडले. सेव्हेनमध्यें जें अपुरें राहिलें होतें तें त्यांनीं परक्या देशांतील मैदानावर पुरें केलें. काव्हालिएची पलटण बहुतेक कापली गेली. तो स्वतः डझनभर जखमा होऊन, रक्त वाहून, पडलेल्यांत पडला, कसाबसा वांचला. बेरिक पुष्कळ लढाया पाहिलेला शिपाई होता, पण त्या प्रसंगाविषयीं बोलतांना त्याचा चेहरा नेहमीं पालटे असें सांगतात.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटीं एक गोष्ट आहे, ती उपदेशक बंधूंनीं या चरित्राशेजारीं ठेवून वाचावी. दावीद शौलाच्या भयानें पळून पलिष्टी राजा आखीश याच्या आश्रयास गेला. पुढें पलिष्टी इस्राएलाशीं लढावयास निघाले तेव्हां तोही त्यांच्या सैन्याच्या पिछाडीस चालूं लागला. आपल्याच लोकांवर शस्त्र उचलण्याची वेळ त्याच्यावर एका दिवसावर येऊन ठेपली होती. पण पलिष्ट्यांच्या सरदारांस त्याचा भरंवसा वाटेना, त्यांनीं त्यास परत पाठविलें, आणि परत पाठविलें म्हणूनच तो पुढें इस्राएलाचा राजा होऊं शकला. सरदारांचा तो अविश्वास ही देवाची दया होती. काव्हालिएच्या बाबतींत मात्र सरदारांनीं पूर्ण भरंवसा टाकला.

त्याच्यामागें सेव्हेनमध्यें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. आंतवान कूर नांवाचा एक तरुण, बाप लहानपणींच मेलेला, आईनेंच विश्वासांत वाढविलेला, डोंगरांतून विखुरलेल्या मंडळ्या गोळा करीत हिंडूं लागला. 1715 च्या ऑगस्टांत, चवदावा लुई मरण्यापूर्वीं थोडेच दिवस, त्यानें मूठभर उपदेशकांची एक सभा एका ओसाड जागीं भरविली. तेव्हां तो वीस वर्षांचा होता. तेथें ठरलें कीं, मंडळींत वडील नेमावे, उपदेश शास्त्राच्याच आधारें व्हावा, थरथरून भविष्य सांगणारांस थारा देऊं नये. शस्त्र उचलण्यासही कूर सदा विरोधच करी. सरकारचा छळ त्यामुळें थांबला नाहीं. उपदेशक पुढेंही फांसावर गेले. मारी द्युराँ ही तरुणी 1730 सालीं एग-मोर्तच्या कोंस्तांस बुरुजांत कैद झाली ती अडतीस वर्षांनीं सुटली, आणि सुटण्यास फक्त मिस्सेस जाण्याचें कबूल करावयाचें होतें. तिनें तें केलें नाहीं. तथापि सभा बंद पडल्या नाहींत, आणि अखेर 1787 सालीं फ्रान्सच्या राजानें प्रॉटेस्टंटांचे जन्म, विवाह व मृत्यु कायद्यानें मान्य केले. कामिसारांनीं जर डोंगर पेटविला नसता तर या मंडळ्यांत तेवढी धग राहिली असती कीं नाहीं, यावर विद्वानांचें एकमत नाहीं. मीही येथें निकाल देत नाहीं.

काव्हालिए पुनः रणांगणावर नांवाजला नाहीं. इंग्लंडच्या सरकारनें त्यास थोडें पेन्शन दिलें. तो आयर्लंडांत ह्यूगनो लोकांच्या वसाहतींत राहिला, तेथें लग्न केलें, कर्ज केलें, आणि 1726 सालीं डब्लिन येथें आपल्या युद्धाच्या आठवणी इंग्रजींत छापविल्या. त्या आठवणींत तो स्वतःविषयीं भरपूर सांगतो, रोलांविषयीं थोडें, आणि काल्व्हिसोंच्या त्या दिवसाविषयीं आपणांस सोयीचें तेवढें. मोठी बढती त्यास उतारवयांत मिळाली. 1735 सालीं ब्रिगेडियर, आणि 1738 सालीं जर्सी बेटाचा नायब गव्हर्नर.

हें बेट इंग्लंडच्या राजाचें, पण फ्रान्सच्या किनाऱ्यापासून सुमारें चवदा मैलांवर आहे. तेथील तटबंदी सांभाळावयाची ती फ्रान्सपासूनच. आभाळ निवळ असलें म्हणजे पूर्वेकडच्या टेंकडीवरून फ्रान्सची जमीन नुसत्या डोळ्यांनीं दिसते. तेथून तो 1739 सालीं मेजर जनरल झाला, आणि 1740 च्या मे महिन्यांत लंडनजवळच्या चेल्सी येथें मरण पावला. त्यास तेथेंच पुरलें. मास रूची वाडी त्यानें 1704 नंतर पाहिली नाहीं.